लाकडी शकुंतला घडवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीच्या आठव्या वाढदिवसासाठी आपण जी लाकडी शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या छोट्या (नॅरोगेज) लाईनवरच्या आपल्या आगगाडीची प्रतिकृती, घडवून दिली, तिच्याबद्दल आपल्या दुकानात उभ्या-उभ्या मानलेले आभार मला अपुरे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कुठे छापू नये, नाहीतर ऐन हंगामात दारात गर्दी होईल, असे आपण बजावले होते. त्यामुळे अंजनगाव सुर्जीचे एक मिस्त्री एवढीच आपली ओळख इथे देते. आपल्याला ओळखणाऱ्यांना तेवढी पुरेल.

खेळण्यातली आगगाडी मिळणे काही अवघड नाही. अमरावतीच्या दुकानांत बॅटरीवर गोल गोल फिरणारी प्लॅस्टिकची गाडी सहज मिळते आणि मोबाईलवर शोधले तर रंगीबेरंगी लाकडी गाड्यांचे ढीग दिसतात. त्यातली एकही शकुंतला नव्हे, हे मात्र आमच्या मुलीला पहिल्या नजरेत कळे. नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आम्ही तिला दाखवून आणले. तिथली इंजिने पाहून ती हरखली, पण परत येताना ‘यात आपली कोणती?’ असे तिने विचारले आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. दर्यापूरच्या बनोसा स्टेशनावरून शकुंतलेने मूर्तिजापूरला जाऊन तिथे मुंबईची गाडी पकडण्याच्या गोष्टी तिने आजोबांकडून इतक्या ऐकल्या आहेत की, जी गाडी धावताना पाहिल्याचे तिला आठवतही नाही, तिच्याविषयी ती हक्काने बोलते. आजोबांनी जपून ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणात वाफेच्या इंजिनाचा एक फोटो आहे. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले ते इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावले आणि १९९४ साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. तिला हवे होते ते हेच, काळे, धुराड्याचे.

ते कात्रण आणि तिची वही घेऊन आम्ही आपल्याकडे आलो तेव्हा आपल्या दुकानात तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी अर्धवट कोरून रांगेने ठेवलेले होते आणि भुशात पाय ठेवायलाही जागा नव्हती. अशा वेळी ‘पोळा होऊ द्या, मग पाहू’ असे आपण म्हटले असते तरी कोणी वावगे मानले नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावची लेकरे आपापला नंदी सजवून निघतात आणि त्या एका दिवसावर आपले वर्षाचे गणित बसलेले असते, हे मी जाणते. आपण मात्र हातातली पटाशी खाली ठेवलीत, चष्मा पुसलात आणि माझ्याकडे न पाहता थेट तिला म्हणालात, “माप सांग.” तिने वहीत लिहिलेले वाचून दाखवले, की मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांचे आणि शकुंतलेचे फक्त अडीच फुटांचे. फुटाला अर्धा इंच धरू, असे आपण ठरवलेत, म्हणजे रुळांतले अंतर सव्वा इंच झाले.

खरी अडचण तिथूनच सुरू झाली. छोट्या लाईनचे डबे रुळांच्या दोन्ही बाजूंना बरेच बाहेर आलेले असतात, त्यामुळे मापात बनवलेले लाकडी इंजिन जरा धक्का लागला की कलंडू लागले. रूळ थोडे रुंद करा, खेळण्यात कोण मोजते, असे मी सुचवले होते, त्यावर आपण दिलेले उत्तर आमच्या घरी अजून सर्वांच्या तोंडी आहे : “पोरीचं बरोबर आहे, बाई. रूळ रुंद केला तं थे शकुंतला नाही राहत.” मग आपण जुन्या बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा कापून इंजिनाच्या पोटाखाली असा बेमालूम बसवलात की उलटे केल्याशिवाय तो दिसत नाही. सागवानी चौकटींच्या तुकड्यांचे अंग आणि शिसमाची चाके, प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने कोरलेली कड, हे सगळे देखणे आहेच. पण माझ्या लेखी आपल्या कारागिरीची खूण तो दडवलेला लोखंडी तुकडा आहे. लहान मुलाच्या मागणीला आपण मोठी माणसे बहुधा ‘हो हो’ म्हणून वाटेला लावतो. आपण तिच्याशी वाद घातलात, दोन ठिकाणी तिचे ऐकलेत आणि धुराड्याच्या उंचीच्या बाबतीत अजिबात ऐकले नाहीत, याचे तिला फार अप्रूप वाटते.

मालडबा जोडण्याची कल्पना तर सर्वस्वी आपली. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठीच ही लाईन टाकली गेली, तेव्हा कापसावाचून शकुंतला कशी, असे आपण म्हणालात. वाढदिवसाच्या दिवशी आजोबांनी घरातल्या कापसाच्या लहानशा गाठी सुतळीने आवळून त्या डब्यात रचल्या. त्यानंतर गाडी माजघरातल्या यवतमाळहून स्वयंपाकघरातल्या अचलपूरला जाऊ लागली असून, मूर्तिजापूर उंबऱ्यावर असल्यामुळे सगळ्यांना तिथे थांबावे लागते. केक कापण्याची आठवण तिला मीच करून दिली.

आपण लाकडाचेच पैसे घेतलेत आणि मजुरीचा विषय काढू दिला नाहीत. आपल्या समाधानासाठी आपण तसे केले असेल, पण हंगामातल्या इतक्या वेळाची किंमत आम्हाला कळते. म्हणून यंदा आमच्या वाड्यातल्या चारही घरांचे नंदी आपल्याकडूनच घ्यायचे आणि आपण सांगाल तो भाव द्यायचा, असे आम्ही परस्पर ठरवले आहे; यात मात्र आपला नकार चालणार नाही.

एक विनंती उरते, ती मुलीच्या वतीने कळवते. आपण वेळेअभावी गार्डाचा डबा राहू दिला होता. या गाडीवर तिकिटेही गार्डच देत असे, हे आजोबांनी सांगितल्यापासून सगळे प्रवासी विनातिकीट जात आहेत, अशी तिची तक्रार आहे. तान्हा पोळा आटोपून आपला हात मोकळा झाला की निरोप पाठवावा. सागवानाचा तुकडा आम्ही घेऊन येऊ आणि मजुरी आधी ठरवू. डब्याची मापे तिने वहीत लिहून ठेवली आहेत. दार किती रुंद असावे याविषयी तिचे आणि आजोबांचे अजून जमलेले नाही, तेवढा निवाडा आपणच करावा.

आपली कृतज्ञ,
दर्यापूर तालुक्यातील एक आई