गार बोट आणि ऑक्सिजनचा आकडा

महोदय,

गेल्या जानेवारीत पहाटे आत्याला धाप लागली म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागात नेलं. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, लावला; आकडा ८१ टक्के. आमच्या पोटात गोळाच आला. नवी नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली, आणि ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या सिस्टरनी आधी पडद्यावरची नाडीची लाट पाहिली. ती जवळजवळ सपाट होती. आत्याचे हात बर्फासारखे गार! त्यांनी ते चोळून ऊबदार केले, नेलपॉलिश पुसलं, क्लिप दुसऱ्या बोटाला लावली. लाट नीट उमटू लागली, आकडा ९५.

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून नाडीच्या ठोक्यागणिक पडणारा फरक मोजतं. बोटात रक्तच पुरेसं पोचलं नाही, तर ते मोजणार काय?

उलटी फसगत अधिक घातक. ग्वाल्हेरच्या थंडीत बंद खोलीत सिगडी पेटवून लोक झोपतात. सिगडीतून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, चिकटलेलं रक्तही या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. रुग्ण गुंगीत आणि आकडा ९८! तिथे ‘खोलीत सिगडी होती का?’ हा नर्सचा एक प्रश्न जीव वाचवू शकतो. खात्री मग रक्ताच्या तपासणीने होते.

यंत्र हातात देतात, नीट शिकवत नाहीत, असं त्या सिस्टरच म्हणाल्या. शहरातल्या रुग्णालयांनी थंडीपूर्वी तातडीच्या आणि अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक नर्सला हे खाटेशी उभं राहून दाखवावं. रात्रपाळीवाल्यांनाही.

— एक वाचक, ग्वाल्हेर