स्लाइडवरचा क्यू

प्रिय लंब्या,

तब्येत ठीक, गोळ्या चालू. फ्यूजन कंपनीतल्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढायची ती) माझ्या नव्या नोकरीचं तुला तिसऱ्याकडून कळलं म्हणून फुगला असशील. फुग, पण आधी हे ऐक. इथं कुणाशी बोलायची सोय नाही.

डिसेंबर 2022 चं आपलं भांडण आठवतंय ना? अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत फ्यूजनच्या प्रयोगात लेझरचे 2.05 मेगाज्यूल आत गेले, 3.15 बाहेर आले आणि तू फोनवर नाचत होतास. मी म्हटलं, लेझर पेटवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज खाल्ली, ती कुणाच्या खात्यावर? तू मला सुतकी म्हणालास आणि फोन आपटलास.

आता गंमत बघ. गुंतवणूकदारांसाठीची स्लाइड माझ्याकडे तपासायला आली: ‘दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा’, ठळक अक्षरांत. आपला क्यूच तो, फ्यूजनमधून निघालेली ऊर्जा भागिले आत घातलेली! आत घातलेली म्हणून प्लाझ्मात, त्या प्रचंड तापलेल्या वायूत, शिरणारी उष्णता तेवढी धरायची. प्लाझ्माला कोंडणारी चुंबकं गार ठेवणारी यंत्रणा, पंप, हीटिंगमध्ये वाया जाणारी वीज, सगळं हिशेबाबाहेर. मी खाली बारीक टीप घातली. कापली गेली. परत घातली. मग आमची सीईओ (वयानं लहान, मला सर म्हणते, म्हणून जास्तच पंचाईत) म्हणाली, “सर, यात खोटं काय आहे?” काहीच नाही रे! तिथंच तर घोडं अडलंय. सेमिनारमध्ये हेच वाक्य टाकलं असतं तर पहिल्या रांगेतून कुणीतरी हात वर केला असता. इथं समोर बसणाऱ्यांपैकी कोण करणार?

परत विद्यापीठात जा म्हणू नकोस. फ्रान्समधल्या त्या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पात, इटरमध्ये, ड्युटेरियम-ट्रिटियम हे खरं इंधन जळायचं ते आता 2039 ला. तोवर मी पेन्शनीत. इथं चुंबकांची अतिवाहक (विरोधाशिवाय वीज वाहणारी) टेप स्वतःच्या हातानं गुंडाळतो. कागदासारखी पातळ, जरा जास्त वाकली की आतला थर तडकतो, मग फेकायचीच. पण चुंबकीय क्षेत्र दुप्पट झालं तर तेवढ्याच जागेत सोळापट शक्ती! फाइल फिरवत बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. आपले सर असते तर आधी रागावले असते आणि मग टेप बघायला आले असते.

तुझी बदली झाली का? वहिनींचा गुडघा? पोरीचा निकाल कळव. आणि टीपेसाठी अडून बसू की सोडून देऊ, ते सोमवारच्या आत सांग. शिव्या घालून सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
सुतक्या