सूचना : म्युनिकच्या लग्नाला कोण कोण येणार?

सर्वांना नमस्कार. धाकट्या काकांच्या लेकीचं लग्न मे महिन्यात म्युनिकला आहे. जायचं की नाही, हे रविवार रात्रीपर्यंत इथेच कळवा. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपासून करता येतो. अपॉइंटमेंटसाठी मात्र थांबावं लागतं. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने वैध हवा, आजच कपाटातून काढून तारीख बघा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमाही लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

खर्च झेपत नसेल तर मोकळेपणाने सांगा, काका-काकू समजून घेतील. आजीने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. परवा जिना उतरताना ती दोनदा कठडा धरून थांबली. तिच्याजवळ कोण राहील, तेही कळवा. नवरा-नवरी डिसेंबरात सांगलीला येतील, सत्यनारायण तेव्हा घरीच करू.