बाबा, नेदो नादीची गोष्ट तुम्हालाच सांगायची होती

ती. बाबा आणि ती. सौ. आईस, साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "त्या काडीएवढ्या तलवारीत कसली आलीय रग?" फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहितोय.

इटलीत लिव्होर्नो हे बंदराचं गाव. तिथे बेप्पे नादी तलवारबाजी शिकवायचे. त्यांची शाळा म्हणजे आपली तालीमच समजा. थोरला नेदो १८९४ चा, धाकटा आल्दो. दोघंही बापाच्याच हाताखाली तयार झाले. या खेळात तलवारी तीन प्रकारच्या, फॉइल, एपे आणि सेबर. त्यातली एपे शिकवायला मात्र बेप्पेंचा साफ नकार. कारण ऐका, तुम्हाला पटेल. फॉइलमध्ये टोक धडावर लागलं तरच गुण, आणि समोरच्यानं आधी चढाई केली असेल तर ती अडवल्याशिवाय उलट वार चालत नाही. एपेत हे बंधनच नाही. डोक्यापासून पायापर्यंत कुठेही लावा, जो आधी लावेल त्याचा गुण. बेप्पेंना ते बेशिस्त वाटायचं. पोरं बाहेर जाऊन एपे शिकली.

१९१२ ला स्टॉकहोममध्ये नेदोनं फॉइलचं सुवर्ण जिंकलं, वय १८. मग महायुद्ध झालं, तोही लढला. १९२० ला अँटवर्पला उतरला आणि एका ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णं! फॉइल, सेबर वैयक्तिक, आणि सांघिक तिन्ही हत्यारांत. म्हणजे एपेतही. सेबरचं रौप्य आल्दोला. तेव्हा वार लागला की पेटणारा दिवा नव्हता, सगळा निवाडा पंचांच्या नजरेवर. पुढे तो ब्युनोस आयर्सला शिकवायला गेला, परतून इटलीच्या तलवारबाजी महासंघाचा अध्यक्ष झाला, आणि १९४० मध्ये गेला. जेमतेम ४५ वर्षांचा.

मला विचाराल तर, एपे बाहेर शिकला तरी पाय बापानंच घडवलेले होते. मी कुस्ती सोडून इकडे आलो, ते तुम्हाला अजून लागतं, ठाऊक आहे. पण इथं संभाजीनगरात पोरांना पवित्रा शिकवताना मी रोज ओरडतो, "गुडघ्यात वाक, ताठ झालास की गेलास!" कुणाचं वाक्य आहे ते तुम्हीच सांगा.

डिसेंबरात माझी पोरं स्पर्धेत उतरतायत. एकदा बघायला याच. तुमची नजर पोरांच्या पायांवर पडायला हवी, मला दिसत नाही ते तुम्हाला दिसेल. आई, हॉल तळमजल्यावर आहे, गुडघ्यांना त्रास नाही. खालच्या बर्थची तिकिटं काढतो, तारीख तेवढी कळवा.

तुमचा,
संजू