आजीच्या पलंगाबद्दल

सोलापूर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, माळ्यावरचा आजीचा शिसवी पलंग कुणाला दिलास का, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी शेंगाचटणी पोचली का म्हणत विषय बदलला. कुणाला दिला नाही. त्याच्या डोक्याकडच्या फळीची गिटार झालीय.

रागावण्याआधी ऐक. परदेशातले गिटारवाले ज्याला इंडियन रोजवुड म्हणतात, ते म्हणजे आपला शिसव. फळी एका कडेने वाळवीने खाल्ली होती, पलंग काही पुन्हा उभा राहिला नसता. वखारीतून चिरून आणली आणि रंधा मारमारून बाजूच्या पट्ट्या २ मिलिमीटरवर आणल्या. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी पाइपवर दाबत दाबत वाकवायच्या. घाई केली की कडकन मोडतात. एक मोडलीच. पण वास असा गोडसर सुटतो की शेजारच्या काकूंनी विचारलं, धूप कुठला आणलास?

वरची फळी मात्र स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्या एका परदेशी झाडाची, विकतची. किंमत विचारू नका. ती रंधताना मधूनमधून दोन बोटांत उचलून टकटक करायची. तू बाजारात माठ वाजवून घेतेस ना, तसंच. आधी ठस्स वाजते, ३ मिलिमीटरच्या जवळ आली की घुमायला लागते. तिथे थांबायचं. पातळ केली तर आवाज मोकळा होतो, पण सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण तिलाच पेलायचाय.

बाबा, आता तुमच्या कामाचं. पहिल्या गिटारच्या वरच्या फळीला आतून पट्ट्या चिकटवल्या त्या ऑगस्टच्या दमट हवेत. एप्रिलमध्ये एका दुपारी चहा पीत होतो आणि मागाच्या खोलीतून ‘टक्’ ऐकू आलं. मधोमध, वीतभर चीर. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आक्रसलं, आडव्या पट्ट्यांनी त्याला आक्रसू दिलं नाही, मग ते फाटलं. तेव्हा आठवलं, मागावरचं सूत कोरड्या हवेत तुटू नये म्हणून तुम्ही वैशाखात जमिनीवर पाणी मारायचात आणि आम्ही मुद्दाम त्यात पाय घसरवायचो.

तुमचा तो हवेतली ओल मोजायचा ओला-सुका थर्मामीटर खिळ्यावर तसाच होता. नवी वात घातली, भांड्यात पाणी भरलं. परवा दुपारी सुका ३८, ओला २२. म्हणजे हवेत पंचवीस टक्केही ओल नाही. मला चिकटवायला पंचेचाळीस लागते. मागं त्याचा तक्ता डकवलेला होता, तो उंदरांनी खाल्लाय. मी आकडे मोबाइलवर काढतो. तुम्ही तर नुसतं दोन काचांकडे बघून सांगायचात. ते कसं, तेवढं फोनवर समजावा.

यातून सुटतं काय, असं तुम्ही विचारणारच. काही नाही. ऑफिसातून आल्यावर दोन तास, बस्स. फ्रेटचं, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित मात्र तुम्हाला आवडेल: तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ ने भागायचं, पहिला फ्रेट ३६.४ वर. उरलेल्या लांबीला परत तोच भागाकार. असं करत बारावा बरोब्बर निम्म्यावर येतो. मी तरी तीनदा मोजला.

गड्ड्याच्या जत्रेला याल तेव्हा ती वाजवून दाखवतो. पलंगाची पायाकडची फळी अजून शाबूत आहे. आई, तू हो म्हणेपर्यंत तिला हात लावत नाही.

तुमचा,
बंडू