आई, आकड्यांआधी बाबांकडे बघ

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आई, रोज फोनवर तू बी.पी. आणि ऑक्सिजनचे आकडे न चुकता सांगतेस. ते हवेतच. पण परवा आकडे सगळे चांगले होते आणि शेवटी तू सहज म्हणालीस, "आज हे दुपारभर गप्पच होते, जेवणही अर्धं टाकलं." मला काळजी लागली ती त्या वाक्याची. खुब्याच्या ऑपरेशननंतर पंचवटीच्या घरी दिवसरात्र त्यांच्याजवळ तूच आहेस. म्हणून वॉर्डात आम्ही पेशंटचं काय काय बघतो, ते तुला लिहून पाठवतेय.

सकाळी ते अंथरुणात असतानाच मनगटावर तीन बोटं ठेव. अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण मिनिट मोज, ६० ते १०० ठीक. मग हात न सोडता, काही न सांगता, छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोज. श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास आपोआप बदलतो. शांत पडलेल्या माणसाचे १२ ते २० असतात. तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा आधी श्वासच वाढतो, आणि नेमका तोच अंदाजाने लिहून टाकतात, याचा मला फार राग येतो. बाबा, त्या वेळी आईशी बोलू नका.

नाशिकच्या या थंडीत बोटं गार पडली की ऑक्सिजनचं यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. हात आधी उबदार करून घे. बी.पी. पाच मिनिटं स्वस्थ बसवून, न बोलता, चहानंतर निदान अर्ध्या तासाने. वॉकर हातात देण्याआधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसव. एकदम उभं राहिलं की बी.पी. उतरतं, भोवळ येते, आणि आता पडून चालणार नाही.

अंग पुसताना माकडहाड आणि दोन्ही टाचा उजेडात बघत जा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं पडून परत लाल झालं तर बरं. दाबूनही लालच राहिलं तर आत इजा सुरू झालीय. बाबांच्या सावळ्या रंगावर लाली कळणार नाही, तेव्हा भोवतालच्या कातडीपेक्षा ती जागा गडद, गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघ. तिथे तेल लावून चोळायचं नाही, ती जागा जास्तच बिघडते. पोटऱ्यांखाली उशी अशी घाल की टाचा अधांतरी राहतील. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर तीही चोळू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ लाव.

आता त्या गप्प बसण्याचं. या वयात ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं. एकाएकी बरळणं, रात्र की दिवस ते न कळणं, हाक मारली तरी पेंगत राहणं, यातलं काही दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नकोस. लघवी किती होते, गडद आहे का, जळजळते का, तेही विचार. उठावं लागू नये म्हणून बाबा पाणीच कमी पितात, मला माहीत आहे.

बाबा, "काही नाही, बरंय" हे मला आता पुरत नाही. शून्य ते दहात किती दुखतंय, ते आईला सांगा. दुखणं दाबून धरलंत की खोल श्वास घेतला जात नाही, चालणं टळतं, आणि मग छातीत कफ साठतो. रामकुंडापर्यंत चालत जायचंय ना तुम्हाला? मग आधी गोळी वेळेवर घ्या. आई, कूस बदलताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मूठ आवळली गेली, तर तेही वहीत लिही. तुझ्या साध्या शब्दांत लिही, मला सगळं कळतं.

शनिवारी रात्री पोचते. कमोडवर बसवायची उंच सीट घेतलीय, ती घेऊन येते.

तुमची,
ताई