मिठाच्या पाण्याने रंग पक्का होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील घरगुती उपायांच्या सदरात ‘नवे सुती कपडे रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो’ असा सल्ला वाचला. घरोघरी चालत आलेला हा उपाय आजच्या बहुतेक गडद सुती कपड्यांवर उलटा पडतो. मी कापड रंगाईच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

आज सुती कापडावरचे झळाळते लाल, निळे, काळे रंग बहुतांशी रिॲक्टिव्ह रंगांचे असतात. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने ‘प्रोसियन’ या नावाने ते प्रथम बाजारात आणले. त्याआधीचे स्वस्त डायरेक्ट रंग धाग्याला नुसते चिकटून असत आणि दर धुण्याला थोडे थोडे उतरत. रिॲक्टिव्ह रंगही पाण्यात सहज विरघळतो, पण धुण्याच्या सोड्यासारखा अल्कली घातला की त्याचा रेणू कापसातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. असा जोडलेला रंग साध्या धुण्याने निघत नाही.

मग पहिल्या धुण्यात पाणी लाल का होते? सोडा घातल्यावर रंगाची प्रक्रिया कापसाशी होते, तशी पाण्याशीही होते. पाण्याशी जुळलेला रेणू पुढे धाग्याशी जुळू शकत नाही, मात्र धाग्याच्या आत अडकून बसतो. हा वाया गेलेला वाटा अनेकदा एकूण रंगाच्या चौथ्या हिश्श्याहूनही अधिक असतो. तो काढायला आधी भरपूर पाण्याने मीठ आणि सोडा धुऊन टाकावा लागतो, मग उकळत्या पाण्यात साबणधुलाई, मग पुन्हा स्वच्छ पाणी. यात पाणी, इंधन आणि वेळ भरपूर जातो, त्यामुळे काटकसर नेमकी इथेच होते. तेव्हा पाणी रंगवणाऱ्या कपड्याचा रंग कच्चा असतोच असे नाही. बरेचदा त्याची कारखान्यातली धुलाई अपुरी असते.

मिठाची गोष्ट इथेच येते. पाण्यात कापूस आणि रंग दोघांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ हा विरोध कमी करते आणि रंग धाग्याकडे सरकतो, म्हणून रंगवताना ते मुद्दाम घालतात. पण घरी बादलीत मीठ घातले, तर निघून जायला हवा तो सुटा रंगही धाग्यातच थांबतो. पाणी स्वच्छ दिसते, आपल्याला समाधान वाटते आणि पुढच्या साध्या धुण्यात तोच रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. कारखान्यात साबणधुलाईआधी मीठ काढून टाकतात ते याच कारणाने.

व्हिनेगर आणि तुरटीनेही हा सुटा रंग धाग्याशी जोडला जात नाही. तुरटीचा खरा उपयोग नैसर्गिक रंगांच्या रंगाईत आहे. क्लोरीनच्या ब्लीचपासून तर हे कपडे दूरच ठेवावेत. त्याने यांतले बरेच रंग विटतात.

गडद सुती कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळा, लेबलवर चालत असेल तितक्या गरम पाण्यात, साबणाने धुवावा आणि भरपूर पाण्यात खळबळावा. पिळून ओला गोळा करून ठेवू नये, रंग घडीघडीत उतरतो. शंका असेल तर आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके ठेवून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर डाग उमटला, तर अजून धुवायला हवे. निळीच्या रंगाचे आणि हाताने नैसर्गिक रंगात रंगवलेले कपडे मात्र वेगळे. त्यांना गरम पाणी लावू नये.

त्या सदरात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. रात्रभर भिजवण्याच्या सल्ल्याऐवजी निदान इस्त्रीची चाचणी तरी द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक